अंड्यांचे ट्रे आणि अंबडचा गाळा

अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडत नाही. दरवर्षी एखादा नवा बँड मला भेटतो. चार पोरं असतात, आणि गच्चीवरच्या खोलीच्या भिंतींना किराणा दुकानदाराच्या मागे लागून जमवलेले दोन-अडीचशे ट्रे चिकटवलेले असतात. "दादा, आता शेजारी काही बोलणार नाहीत." आठवड्याभरात शेजारी बोलतात. ट्रेनं फार तर खोलीतल्या खोलीत झांजांची किणकिण जरा कमी घुमते. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायचा तर वजन लागतं आणि दोन भिंतींमध्ये पोकळी लागते. थोडक्यात, खोलीच्या आत दुसरी खोली बांधावी लागते. भिंतीचं वजन दुप्पट केलं की ढोबळमानानं सहा डेसिबल कमी होतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते आणि त्या आवाजाची लाट आठ मीटरहून लांब असते, तिच्यापुढे पुठ्ठ्याचा काय पाड लागणार? आमच्या शेजारच्या काकूंना आमचं गाणं कधी ऐकूच गेलं नाही. त्यांना ऐकू गेलं ते तीन-तीन तास नुसतं धप्, धप्, धप्. त्यांच्या जागी मी असतो तर पोलिसांना फोन केला असता. त्यांनीही केला.

मी नाशिकमध्ये सोळा वर्षं हेवी मेटल, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचं दणदणीत रॉक संगीत, गातोय. दिवसा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्रानं पत्रा दाबून-कापून भाग करतात तिथं, क्वालिटीला असतो, पत्र्याचे तुकडे गेजमध्ये घालून पास-नापास करतो. मी बँडमध्ये गातो असं सांगितल्यावर माझ्या आत्यानं पहिला प्रश्न विचारला होता, "लग्नाच्या ऑर्डरी घेता का रे?" तेव्हा मी चिडलो होतो. आता वाटतं, आत्याचं बरोबर होतं. लग्नाच्या बँडवाल्यांकडे निदान गाळा असतो. बाहेर पाटी, आत भिंतीला टांगलेले ट्रम्पेट आणि ढोल, आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तिथंच नव्या गाण्यांची तालीम. आमच्याकडे यातलं काहीच नाही.

या शहरात संगीताचे कार्यक्रम काही कमी होत नाहीत. गोदाकाठी पाडव्याच्या पहाटेची मैफल होते, गणपतीत दहा दिवस दणका असतो, कॉलेजांचे महोत्सव होतात. सुला विनयार्ड्सनं २००८ साली सुलाफेस्ट सुरू केला, तेव्हा देशोदेशीचे बँड गंगापूर धरणाजवळ येऊन वाजवायला लागले. त्यातले काही मी तिकीट काढून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी कामावर घसा बसलेल्या अवस्थेत गेलो. महोत्सवांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण महोत्सवात वाजतं ते दुसरीकडे कुठंतरी तयार झालेलं असतं. आपल्या गावात गाणं तयार व्हायचं असेल तर त्याला बसायला जागा लागते, आणि ती द्यायची जबाबदारी गावाची आहे असं माझं मत आहे. महापालिका व्यायामशाळा बांधते, अभ्यासिका बांधते, जॉगिंग ट्रॅक बांधते. तशाच तिनं सरावाच्या खोल्या बांधाव्यात. तासाला परवडेल असं भाडं ठेवावं, वहीत नाव लिहून कुणालाही घेता याव्यात.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

मेटल जन्मलं ते बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सातपूर-अंबडात. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरी सोडायच्या दिवशी त्याला दुसऱ्याच माणसाच्या जागी प्रेसवर बसवलं, आणि प्रेसनं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. (आमच्याकडे प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय वरचा दट्ट्या खाली येत नाही. तरी दर सहा महिन्यांनी सेफ्टी ट्रेनिंगला बसलो की मला आयोमीच आठवतो.) कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. दोन बोटं निकामी झालेली असताना गिटार वाजवून जगभर गाजलेला हा माणूस. आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा पातळ लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. आज जगभरचे मेटलवाले तारा उतरवून वाजवतात, त्याची एक वाट त्या प्रेसपर्यंत जाते.

ही गोष्ट मेटलच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असते. पण तिच्या पुढचा भाग कुणी फारसा सांगत नाही. आयोमीचा बँड सराव करायचा तो बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये. आपल्याकडचं समाजमंदिरच म्हणा ना. समोरच्या थिएटरला भुताचा सिनेमा लागला होता आणि लोक घाबरून घ्यायला पैसे देऊन रांगेत उभे होते. ते बघून यांच्या डोक्यात आलं की लोकांना घाबरवणारं संगीत का करू नये? त्या सिनेमाचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. बँडनं तेच नाव घेतलं. पहिला अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित केला, आणि १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. एका दिवसात कसा झाला? कारण ती गाणी आधी शेकडो वेळा एकत्र वाजवून झाली होती. जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबात ते दिवसाला सात-सात वेळा वाजवायचे, आणि त्याच्या मागे समाजमंदिरातल्या त्या सकाळी होत्या.

५ जुलै २०२५ ला याच बँडचा शेवटचा कार्यक्रम व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर झाला, तोही ॲस्टनमध्येच. बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला गेला. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही अंबडच्या गाळ्यात जमलो होतो. कुणी काही वाजवलं नाही. ड्रमरनं घरून पोहे आणले होते, ते खाल्ले. मला राहून राहून वाटत होतं की त्या कम्युनिटी सेंटरच्या रखवालदारानं एखाद्या दिवशी "बंद करा रे हा गोंधळ" म्हणून कुलूप लावलं असतं, तर?

अंबडचा गाळा म्हणजे आमची सध्याची जागा. एका ओळखीच्या लघुउद्योजकानं शनिवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, फुकट वापरायला दिली आहे. शटर अर्धं खाली ओढायचं, लेथ मशीनवर ताडपत्री टाकायची, कटिंग ऑइलचा वास सहन करायचा. हवा खेळत नाही. एप्रिलमध्ये दोन तासांत मी तीन लिटर पाणी पितो. पण आवाजाची तक्रार एकदाही आली नाही, कारण शेजारी दुसरा गाळा आहे आणि त्यालाही सुट्टी आहे. सोळा वर्षांत ही आमची सातवी जागा. आधीच्या सहांपैकी चार शेजाऱ्यांच्या तक्रारीनं गेल्या, एक घरमालकिणीला भाडेकरू मिळाला म्हणून, आणि एका हाउसिंग सोसायटीनं तर पार्किंगशेजारच्या खोलीचे आगाऊ घेतलेले तीन महिन्यांचे पैसेही परत दिले नाहीत.

बँड अहंकारापायी मोडतात, असं सिनेमात दाखवतात. माझे दोन बँड मोडले, दोन्ही वेळा भांडण झालं नाही. बेसिस्टला हिंजवडीत नोकरी लागली. ड्रमरचं लग्न झालं आणि घरात ड्रम ठेवायला जागा उरली नाही. मग एक महिना सराव नाही, मग तीन महिने नाही, मग वॉट्सॲपच्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक. जागा पक्की असती तर हिंजवडीचा गडी महिन्यातून दोनदा आला असता. आताचा बेसिस्ट येतोच की, पुण्याहून एसटीनं, गिटार मांडीवर घेऊन. पण त्याला निघण्याआधी एवढं तरी माहीत असायला हवं की नाशिकला पोचल्यावर दार उघडं असेल.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, "अरे, आता सगळं कॉम्प्युटरवर होतं ना? हेडफोन लावा, आपापल्या घरी वाजवा." होतं. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही एक अख्खं गाणं तसं केलं. ड्रम प्रोग्राम केले, गिटार थेट लॅपटॉपमध्ये घेतली. मी घरातल्या कपाटात, कपड्यांमध्ये तोंड खुपसून गायलो. गाणं स्वच्छ झालं, एकही चूक नाही. ते मी परत कधी ऐकत नाही.

खोलीत काय होतं ते सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या एका गाण्यात मध्ये सात मात्रांचा तुकडा आहे. रूपक तालाचा अंदाज असलेल्या माणसाला तो अवघड नाही, पण आम्ही चारच्या ठेक्यातून अचानक तिथं जातो. पहिले पाच शनिवार कुणीतरी पडायचंच. सहाव्या शनिवारी बेसिस्ट एक मात्रा उशिरा आत आला आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला, कारण त्या एका रिकाम्या मात्रेत ड्रम एकटे उघडे पडले होते आणि ते फार भयंकर वाटत होतं. आम्ही थांबलो, एकमेकांकडे पाहिलं. ती चूक आता त्या गाण्याचा सगळ्यात चांगला भाग आहे. लॅपटॉपवर असती तर ओढून जागेवर बसवली असती.

आणि ही वाईट वाजवायची मुभा फार मोठी गोष्ट आहे. स्टेजवर वाईट वाजवलं की लोक मोबाइलमध्ये घेतात. घरी वाईट वाजवलं की आई म्हणते, बारावीचं काय झालं? पाच मोठी माणसं आठवड्यातून एकदा, पैसे मिळत नसताना, एकमेकांसमोर पुन्हा पुन्हा चुकायला जमतात, अशा जागा आपल्या जगण्यात उरल्यात किती? आमच्यातल्या एकाचे वडील गेले, त्या आठवड्यात तो शनिवारी आला. कुणी काही बोललं नाही. त्यानं चाळीस मिनिटं एकच रिफ, म्हणजे सुरांचा एकच छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा वाजवली, आम्ही सोबत वाजवत राहिलो.

माझं स्वतःचं म्हणाल तर गायकाला खोली कमी लागते. मेटलमधलं गुरगुरणं, ज्याला आम्ही ग्राउल म्हणतो, ते ओरडणं समजून पोरं घसा फाडून घेतात. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, खोटे स्वरतंतू म्हणतात त्यांना. श्वासाच्या जोरावर त्या थरथरवायच्या असतात. मी ते शिकलो त्र्यंबक रोडला, जुन्या मारुतीच्या काचा वर करून. त्याआधी दोन वर्षं पंचवटीतल्या एका गुरुजींकडे पहाटे खर्ज भरायला जात होतो. त्यांना मी मेटल ऐकवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "श्वास बरा आहे. तालाला घाई करतोस." इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला नंतर आली नाही. तर गायक गाडीत शिकू शकतो. ड्रमसेट मात्र मारुतीत मावत नाही.

पंचवटीचं नाव निघालं म्हणून आठवलं. विष्णू दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उतारावर पंचवटीत राहिले, रामनाम आधार आश्रम त्यांनीच काढला. शहराला याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण पलुस्करांनी नेमकं काय केलं? त्यांच्या आवाजाच्या कथा आहेत, मैफली होत्या. तरी इतिहासानं त्यांची नोंद घेतली ती ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये उघडलेल्या गंधर्व महाविद्यालयासाठी. तोवर गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी चिलीम भरावी लागे किंवा राजाचा आश्रय लागे. पलुस्करांनी लोकांकडून पैसे उभे करून कुणालाही फी भरून आत येता येईल अशी खोली उघडली. पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, आणि नाशिकला आले ते हा घाव घेऊन. खोली चालवणं किती महाग पडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? त्यांच्या नावानं गळा काढणाऱ्या शहरानं निदान हा भाग विसरू नये.

दुसरं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. नाशिक ढोल महाराष्ट्राबाहेरही नावानं ओळखला जातो. पथकांचा सराव गणपतीच्या आधी काही आठवडे सुरू होतो, नदीकाठी, मोकळ्या मैदानांत, पुलाखाली. शंभर पोरं-पोरी, रोज संध्याकाळी. कुणी आयटीतला, कुणी भाजीवाला. तिथं शहर जागा देतं, पोलीस डोळेझाक करतात, लोक कौतुकानं उभे राहून बघतात. आणि परिणाम दिसतो ना! इतक्या माणसांचा एका ठोक्यावर येणारा आवाज आकाशातून पडत नाही. दिल्लीच्या ब्लडीवुड बँडनं मेटलमध्ये पंजाबी ढोल आणला आणि २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवला. ते बघताना मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. नाशिकचा ढोल आणि डबल बेस ड्रम एकाच खोलीत महिनाभर कोंडून ठेवले तर काय निघेल, हा प्रयोग आम्हाला कधीच करता आला नाही. ढोल गाळ्यात नेला तर पत्रे निखळतील.

आता आवाजाचं बोलू, कारण खरी अडचण तिथं आहे आणि मी ती झाकणार नाही. शांतता हा शेजाऱ्याचा हक्क आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ड्रमसेटजवळ बसलात तर सहज १०० च्या वर असतं. म्हणजे फ्लॅटमध्ये सराव करणं बेकायदा आहे आणि ते तसंच असावं. पण तेच नियम औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० ची मुभा देतात. आणि रात्री दहा ते सहा वाद्यं, ध्वनिवर्धक बंद, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्यातच बंदिस्त जागेचा अपवादही लिहिलेला आहे. सभागृह, समाजभवन वगैरे. म्हणजे औद्योगिक वसाहतीतली, नीट बांधलेली बंदिस्त खोली ही आमच्या संगीतासाठी कायद्यानंच सुचवलेली जागा आहे. सातपूरला एक, अंबडला एक. रात्रपाळीच्या भोंग्यापलीकडे तिथं झोपमोड होणारं कुणी नाही.

खर्च? दोन गाळे, आत दुहेरी जिप्समच्या भिंती, मधे खनिज लोकर, जड दार, बाहेर हवा फेकणारा पंखा. एक साधा ड्रमसेट, दोन ॲम्प्लिफायर, गायकासाठी एक स्पीकर. मी बांधकामातला माणूस नाही, पण एका मोठ्या महोत्सवाच्या मांडव-रोषणाईत हे बसेल असा माझा अंदाज आहे. मांडव तीन दिवसांनी उतरतो. सिंहस्थासाठी शहर सध्या खोदून काढलंय, एवढ्या पैशांत दोन गाळे म्हणजे दर्या में खसखस.

"आमच्या करातून तुमचा धांगडधिंगा का पोसायचा?" हाही प्रश्न येतो, आणि रास्त आहे. पण खोली मेटलवाल्यांची असणारच नाही. आमचा ड्रमर वाजवायला शिकला तो भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात, ऑक्टोपॅडवर. वामनदादा कर्डकांचा हा जिल्हा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे ते. आजही १४ एप्रिलच्या आधी इथल्या वस्त्यांमध्ये ॲम्प्लिफायर लावून रात्रंदिवस तालमी चालतात, आणि जागेची रडगाणी आमच्यासारखीच. भजनी मंडळातल्या बायकांना देवळाचा सभामंडप लग्नाला दिला की बसायला जागा नसते. ढोलकीवाले, कव्वाल, कॉलेजच्या एकांकिकांचे संगीत करणारे, सगळ्यांची नावं वहीत येतील. आठवड्याचे दोन तास आमचे. बाकी आम्हाला काही नको.

खाजगी माणसानं का करू नये? करतात. जॅमरूम उघडतात, दीड-दोन वर्षांत बंद पडतात, तिथं मोबाइलचं दुकान येतं. ज्यांना खोली सगळ्यात जास्त हवी असते ते सतरा ते बावीस वयाचे असतात आणि त्यांच्या खिशात पेट्रोलचे पैसे नसतात. संगीतातून तरी काय मिळणार? स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला हजार वेळाही न ऐकलेल्या गाण्याला छदाम मिळत नाही. आमची बहुतेक गाणी त्याच रांगेत आहेत. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या हॉटेलांना गिटार हवी असते, पण हळू, आणि गाणी सगळ्यांना माहीत असलेली. त्यात गैर काही नाही, जेवायला आलेल्या माणसाला मी गुरगुरून दाखवणार नाही. पण या धंद्याच्या हिशोबावर खोली उभी राहत नाही, जशी अभ्यासिकाही राहत नाही.

स्वीडनमध्ये हे पूर्वीपासून आहे. तिथं अभ्यासमंडळं असतात, सरकारी अनुदानावर चालणारी. चार जण जमून भाषा शिका, भरतकाम करा, नाहीतर बँड काढा. बँडची नोंद अभ्यासमंडळ म्हणून होते आणि सरावाची खोली मिळते. त्या छोट्याशा देशातल्या गोथेनबर्ग शहरानं नव्वदच्या दशकात मेटलची एक अख्खी शैली जगाला दिली. सगळं श्रेय अनुदानाला देण्याइतका मी भाबडा नाही, लांब काळोखी हिवाळ्यांचाही हात असेल. पण दार उघडं होतं हे खरं.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. समाजमंदिरांचं काय होतं ते आपण सगळे बघतो. पहिल्या वर्षी रंग, दुसऱ्या वर्षी कॅरमबोर्ड, तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी मंडळाचं सामान आणि चावी 'भाऊंकडे'. सरावखोलीचंही तेच होईल, असं माझा गिटारिस्टच म्हणतो. ड्रमची कातडी फाटली तर बदलणार कोण? मला वाटतं चावी वापरणाऱ्यांच्याच हातात असावी, दर महिन्याला एका गटाकडे, आणि वही भिंतीवर टांगलेली. ढोलपथकं शंभर ढोल सांभाळतातच की. तरी खात्री देऊ शकत नाही.

आणि कानांचं. खोली दिली तर दारात इअरप्लगचं खोकं ठेवलंच पाहिजे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, तिथून दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. हे मला संगीतानं शिकवलं नाही, कारखान्यानं शिकवलं. कंपनीचे पिवळे प्लग मी सरावाला वापरतो, आणि आमच्या आधीच्या ड्रमरला आता डाव्या कानात दिवसरात्र शिट्टी ऐकू येते. तो म्हणतो, ती बहुतेक ई-फ्लॅट आहे.

मार्चमध्ये मी हे सगळं दोन पानांत टाइप करून एका कार्यालयात अर्ज दिला. टेबलामागच्या साहेबांनी तो दोनदा वाचला, चहा मागवला. माणूस चांगला होता.

"कल्पना ठीक आहे," ते म्हणाले, "पण कार्यक्रम कधीय?"

"कार्यक्रम नाहीये साहेब. सराव आहे."

"बरोबर. पण मग उद्घाटनाला काय दाखवायचं?"

मी म्हटलं, खोली. ते हसले, मीही हसलो. आवक क्रमांक घालून त्यांनी पोचपावती दिली. ती मी गाळ्यात शटरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

दसऱ्यानंतर गाळामालकाचं नवं सीएनसी मशीन येणार आहे, त्यामुळे आम्हाला जागा सोडावी लागेल. त्यानं आधीच सांगितलं, बिचाऱ्याला वाईटही वाटलं. आजपासून अकरा शनिवार आहेत. त्यातल्या पितृपक्षातल्या एका शनिवारी ड्रमरच्या घरी श्राद्ध आहे, म्हणजे दहा. नव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतरचा तुकडा अजून बसलेला नाही.